सात पूर्णांक एक, आणि कान दोन

हेडसेटच्या खोक्यावर '७.१' असं ठसठशीत छापलं की खोक्याची किंमत वाढते. आवाजात काय वाढतं हा निराळा प्रश्न, आणि आजचं लिखाण त्याच प्रश्नावर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शनिवारी सकाळी एवढं वाचायचं नाही ते चहाला मोकळे. गेम खेळण्यासाठी हेडसेट घेताना 'खरा सराउंड की व्हर्च्युअल सराउंड' हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागी घातला जातो. दिशा खोक्यात भरून मिळत नाही. ती गेममध्ये मोजली जाते, नाहीतर कुठेच मोजली जात नाही.

निमित्त माझा भाचा. अकरावीला आहे आणि व्हॅलोरंट खेळतो. दहावीच्या निकालाचे, वाढदिवसाचे आणि आजीने जाता जाता हातात कोंबलेले असे मिळून त्याच्याकडे सहा हजार रुपये जमलेत. "मामा, तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग, ट्रू सेव्हन पॉइंट वन घेऊ का व्हर्च्युअल?" (कॉम्प्युटरमधल्या माणसाला प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं कळतं असा आमच्या घराण्यात समज आहे.) ताईचं म्हणणं, जुन्या फोनबरोबर आलेला वायरवाला इअरफोन ड्रॉवरमध्ये पडलाय, तो काय वाईट आहे? भाच्याने डोळे फिरवले. पण मंडळी, ताईचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि का ते सांगायला आधी कानांचा हिशोब मांडायला हवा.

लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळलेल्या प्रत्येकाला हा हिशोब येतो. डोळ्यांवर रुमाल आणि चारी बाजूंनी टाळ्या. डावीकडची टाळी डाव्या कानाला आधी पोचते, उजव्याला किंचित उशिरा. किती उशिरा? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, आणि डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत जायला त्याला वीस-बावीस सेंटिमीटर जास्त जावं लागतं. भागाकार केला की जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंद येतात. आमच्या भाषेत, ४८ किलोहर्ट्झच्या ऑडिओमध्ये सुमारे ३१ सॅम्पल. बस्स! आणि तेवढ्यातही माणसाचा मेंदू सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा, म्हणजे एका सॅम्पलहूनही कमी, फरक पकडू शकतो. शिवाय मध्ये डोकं येत असल्याने पलीकडच्या कानाला आवाज कमी ऐकू येतो, त्यातला बारीक तीक्ष्ण भाग तर बराच कमी. वेळेचा फरक आणि जोराचा फरक, या दोन गोष्टी इंग्लंडच्या लॉर्ड रेलीने १९०७ साली एकत्र मांडल्या.

आता गंमत बघा. टाळी बरोबर नाकासमोर वाजली किंवा बरोबर डोक्यामागे वाजली, तर दोन्ही कानांना ती एकाच वेळी, सारख्याच जोराने पोचते. दोन्ही फरक शून्य. मग पुढे का मागे हे कळतं कसं? एक तर कानाच्या बाहेरच्या घड्यांमुळे. त्या फक्त बिगबाळी आणि चष्मा अडकवायला दिलेल्या नाहीत. पुढून येणारा आवाज त्यांच्यावर आपटून एका तऱ्हेने बदलतो, मागून येणारा दुसऱ्या तऱ्हेने, आणि मेंदू हा बदल जन्मापासून शिकत आलेला असतो. दुसरं म्हणजे मान. रुमाल बांधला की आपण नकळत मान हलवतो. मान उजवीकडे वळवली आणि टाळी डाव्या कानात वाढली तर ती पुढे आहे, उजव्या कानात वाढली तर मागे.

या सगळ्याचं गणितात बसवलेलं रूप म्हणजे एचआरटीएफ. लांबलचक नावात शिरत नाही. कुठल्या दिशेचा आवाज कानाच्या पडद्याकडे जाईपर्यंत कसकसा बदलतो, याचं कोष्टक समजा. पुतळ्याच्या नाहीतर माणसाच्या कानात बारीक माइक बसवून, चहूबाजूंनी आवाज वाजवून ते भरतात. एमआयटीने १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्यावर असं कोष्टक भरून फुकट वाटलं, आणि त्यावर संशोधकांनी आणि प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षं कामं केली.

एवढं डोक्यात ठेवलं की दुकानदाराशी बोलायला बळ येतं.

'खरा' सराउंड हेडसेट म्हणजे काय, तर एकेका कपात एकाच्या जागी तीन, चार, पाच ड्रायव्हर. (ड्रायव्हर म्हणजे छोटा स्पीकर. गाडीचा नव्हे, आणि प्रिंटरचाही नव्हे.) रेझरचा २०१२ चा टियामॅट ७.१ घ्या. दोन कानांत मिळून दहा ड्रायव्हर, आणि मागे वायरींचा झुपका. असूसच्या आरओजी सेंच्युरियनमध्येही दहाच. ऐकायला भारी वाटतं. पण हे पाचही ड्रायव्हर एका वाटीएवढ्या जागेत, कानापासून दोन-तीन सेंटिमीटरवर बसलेले. डाव्या कपातला आवाज उजव्या कानाला जवळपास ऐकूच येत नाही, त्यामुळे खोलीतल्या स्पीकरसारखा तो ०.६५ मिलिसेकंदांचा खेळ आपोआप होत नाही. मान वळवली तर अख्खा सराउंड मानेबरोबर वळतो. आणि वाटीत पाच मावायचे म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर लहान करावा लागतो, एकाच पोकळीत त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि वजन वाढतं ते वेगळंच. तेवढ्याच पैशांत एक चांगला मोठा ड्रायव्हर बसला असता.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. कपातला पुढचा ड्रायव्हर तुमच्या स्वतःच्या कानाच्या घड्यांवर पुढून आवाज टाकतो, पुतळ्याच्या नव्हे. त्यामुळे 'मला पुढचं-मागचं थोडं वेगळं जाणवायचं' असं कोणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका, त्यात तथ्य आहे. पण तेवढ्या तथ्यावर ही जात टिकली नाही. आज दुकानात विचारलंत तर 'सराउंड' म्हणून दाखवतील ते जवळजवळ सगळे व्हर्च्युअलच असतात. म्हणजे भाच्याचा प्रश्न बाजाराने परस्पर निकालात काढलाय. खरा खरा सराउंड हवा असेल तर खोलीत स्पीकर मांडा, पुढचे दोन ३० अंशांवर, मागचे दोन ११० च्या आसपास, मध्ये एक, आणि कोपऱ्यात सबवूफर. मग खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील, आणि त्या नेमक्या कुठून आल्या हे मान न वळवताही कळेल.

बरं, आता व्हर्च्युअल. इथे खरी भानगड आहे, आणि आमच्या धंद्याच्या जवळची असल्यामुळे मला जास्त खुपते.

वायरीवर किंवा कपावर '७.१' चं बटण असलेला नेहमीचा यूएसबी हेडसेट घ्या. तो विंडोजला सांगतो, 'मी आठ वाहिन्यांचा आहे.' गेम बिचारा त्यावर विश्वास ठेवतो आणि आवाज आठ वाहिन्यांत वाटून देतो : पुढे तीन, बाजूंना दोन, मागे दोन, आणि तो 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खालच्या धडधडीचा. मग हेडसेटची चिप किंवा तिचं सॉफ्टवेअर प्रत्येक वाहिनीला कोष्टकातून काढून पुन्हा दोन कानांत ओततं. आता विचार करा. गेमला शत्रू नक्की कुठल्या अंशावर आहे ते माहीत होतं. समजा १३७ अंश. वर का खाली, जिन्यावर का जिन्याखाली, तेही माहीत होतं. आठ वाहिन्यांत वाटताना उंची गेलीच, कारण या सातही स्पीकरांना उंची नाही. आणि १३७ चं झालं 'थोडा बाजूचा, थोडा मागचा'. नेमकी माहिती आधी सांडली, आणि मग तिचा अंदाज बांधायला चिप ठेवली! डेटाबेसमधल्या तारखेचं 'मागच्या आठवड्यात कधीतरी' असं करून साठवायचं आणि नंतर त्यातून वार काढायचा, त्यातला प्रकार.

त्याहून वाईट म्हणजे गेमचं आउटपुट स्टिरिओवर आणि हेडसेटचं बटण चालू. मग चिपच्या हाती दोनच वाहिन्या येतात. त्यातून ती मागचं-पुढचं कुठून आणणार? ती थोडा घुमारा टाकते आणि आवाज मंगल कार्यालयात वाजल्यासारखा होतो. बटण दाबल्यावर पहिल्यांदा 'वा!' वाटतं ते बहुतेक याचंच असतं. मोठं वाटतं, पण मोठं वाटणं म्हणजे दिशा कळणं नव्हे.

बरोबर पद्धत कुठली, तर ज्याला अंश माहीत आहे त्यानेच कोष्टक लावायचं. गेमनेच प्रत्येक पावलाचा, प्रत्येक रीलोडचा आवाज त्या त्या दिशेच्या एचआरटीएफमधून काढून थेट दोन कानांसाठी तयार करायचा. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये ही सोय २०१६ साली आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ साली. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये यासाठी वेगळं हार्डवेअरच घातलं. आणि या पद्धतीला हेडसेट कसला लागतो? साधा स्टिरिओ! दोन कान, दोन ड्रायव्हर, विषय संपला. ताई निम्मी बरोबर म्हणालो ते याचसाठी.

यात नवं काही नाही, हे जास्त चीड आणणारं आहे. ऑरिअल नावाची एक कंपनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ए३डी हे तंत्र विकत होती. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत भिंतींवरून परतणारे आवाजसुद्धा गेमच्या नकाशावरून मोजले जायचे, साध्या हेडफोनवर. क्रिएटिव्हने पेटंटचा दावा लावला. १९९९ च्या डिसेंबरात ऑरिअल जिंकली, आणि खटल्याच्या खर्चाने दमून २००० साली बुडाली. तिची मालमत्ता शेवटी क्रिएटिव्हनेच विकत घेतली. पुढे २००७ च्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा हार्डवेअरकडे जाणारा रस्ताच बंद केला, आणि साउंडकार्डांवर जे मोजलं जायचं ते जुन्या गेममधून एका झटक्यात गप्प झालं. मधल्या काळात खोक्यांवरचे आकडे तेवढे वाढत राहिले, ५.१ चे ७.१ झाले. माझं मत असं की ही दहा-पंधरा वर्षं आपण आकडे विकत घेतले.

आता भाच्याच्या सहा हजारांकडे. इथे मी ठामपणे सांगतो. गेममध्ये एचआरटीएफ चालू असेल तर हेडसेटचं ७.१ बंद, विंडोजचं सोनिक बंद, डॉल्बी ॲटमॉस बंद. दोनदा कोष्टक लावणं म्हणजे भाजीला आईने मीठ घातलंय हे न विचारता बाबांनी पुन्हा घालणं. गेममध्ये ही सोय नसेल पण तो खरोखर ५.१ किंवा ७.१ देत असेल, तर मग व्हर्च्युअल सराउंड जरूर लावून बघा, आणि त्यासाठी विंडोज सोनिक फुकट आहे. सिनेमा बघताना, किंवा रात्री एकट्याने एखादा निवांत गोष्टीचा गेम खेळताना तर खुशाल लावा. तिथे कुणी मागून गोळी घालत नाही, मोठं वाटण्यातच मजा आहे.

एक अडचण उरते, ती प्रामाणिक आहे. कोष्टक पुतळ्याचं, कान तुमचे. जमलं नाही तर पुढचा आवाज मागे किंवा डोक्याच्या आत वाटतो. म्हणून प्लेस्टेशन ५ मध्ये पाच पर्याय देऊन 'तुमचा कुठला ते निवडा' म्हटलं. पण चिकाटीलाही जागा आहे. नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग छापला. त्यांनी लोकांच्या कानांच्या घड्यांत साचे बसवून कानांचा आकारच बदलला. लगेच त्यांना वर-खालची दिशा कळेनाशी झाली, आणि काही आठवड्यांत परत कळायला लागली. साचे काढल्यावर जुनी ओळखही शाबूत होती. तेव्हा एचआरटीएफ चालू करून दोन गेममध्ये 'बकवास आहे' म्हणून बंद करू नका, पंधरा दिवस द्या. शिवाय फर्स्ट पर्सन गेममध्ये माउस म्हणजेच मान. माउस किंचित उजवीकडे सरकवला आणि पाऊल डाव्या कानात वाढलं, तर तो समोर आहे. आंधळी कोशिंबीरच ती! साध्या स्टिरिओवरही मुरलेले खेळाडू मागचा माणूस ओळखतात त्यात ह्या सवयीचा मोठा वाटा आहे.

मग पैसे घालायचे कशावर? ड्रायव्हर, माइक आणि डोक्यावर तीन तास बसण्याची सोय. यातलं तिसरं लोक शेवटी बघतात, मी पहिलं बघतो. चष्मा असेल तर चष्मा घालून दुकानात वीस मिनिटं लावून बसा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणी वीस मिनिटं बसू देईल का, तर एखादा देतो. नाहीतर मित्राचा मागून आणा. कानाच्या गाद्या नकली लेदरच्या असतील तर मे महिन्यात आत घामाचं डबकं होतं, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांची सालं निघून कानाला काळे ठिपके लागतात. कापडी गाद्या घ्या, आणि बदलून मिळतात ना ते विचारा. रंगीबेरंगी दिवे लागणारा घेऊ नका. डोक्यावरचे दिवे तुम्हाला दिसत नाहीत, ते आईला दिसतात. आणि साधा चांगला हेडफोन अधिक सुटा माइक हा जोड याच पैशांत बसत असेल तर तो आधी बघा, कारण माइक बिघडला तर हेडफोन फेकावा लागत नाही.

मागून उघड्या जाळीचे हेडफोन जास्त मोकळे वाटतात, आवाज डोक्याबाहेर गेल्यासारखा वाटतो, आणि दिशेसाठी बरेच जण तेच सुचवतात. शांत घरात मीही सुचवेन. पण आपल्याकडे डोक्यावर पाचवर फिरणारा पंखा, स्वयंपाकघरात कुकर, खिडकीबाहेर रिक्षा. उघड्या हेडफोनातून हे सगळं आत येतं, आणि मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो.

आणि इथे विषय सहा हजारांच्या पुढे जातो. नेमबाजीच्या गेममध्ये पाऊल अगदी हळू असतं आणि बंदूक प्रचंड. पाऊल ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की प्रत्येक गोळीला कान मार खातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांनी २०१९ साली दिलेला हिशोब असा : मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतील. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. मुलांसाठी सुरुवातच ७५ पासून आहे. भाचा आठवड्याला १५ तास तरी खेळतो, आणि परीक्षा संपली की किती ते ताईला विचारा. म्हणून मी त्याला मागून बंद असलेला हेडफोन घ्यायला सांगितला. मोकळेपणा थोडा कमी मिळेल, चालेल. पंखा बाहेर राहिला तर आवाज खाली ठेवता येतो. शिवाय बऱ्याच गेममध्ये 'नाइट मोड' किंवा अशाच नावाची सोय असते, ती मोठे आवाज दाबते आणि छोटे वर आणते. पाऊल ऐकायचं तर ती वापरा. आवाजाच्या गोल बटणाला हात लावायचा तो शेवटी.

(आमच्या टीममधल्या एकाला लहानपणापासून एकाच कानाने ऐकू येतं. त्याला हे खरं-व्हर्च्युअल सगळं सारखंच. तो विंडोजमध्ये मोनो ऑडिओ लावतो, आणि फोर्टनाइटमध्ये आवाज कुठून आला ते पडद्यावर खुणेने दाखवायची सोय आहे ती वापरतो. तशी सोय प्रत्येक गेममध्ये का नसावी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. ७.१ ची चिप बसवण्यापेक्षा ते स्वस्त आहे.)

आणि माझ्यावरही विश्वास ठेवायचं कारण नाही. चाचणी घरी होते. गेमच्या सरावाच्या नकाशात एका मित्राला उभं करा. तुम्ही डोळे मिटा, माउसवरून हात काढा. मित्राने नाणं उडवायचं, छापा आला तर तुमच्या पुढे चालायचं, काटा आला तर मागे. वीस वेळा. तुमचं उत्तर तिसऱ्याने कागदावर लिहायचं. मग ७.१ चं बटण बदलून पुन्हा वीस वेळा, आणि बटण चालू का बंद हे तुम्हाला कळू द्यायचं नाही. वीसपैकी दहा-अकरा बरोबर आले तर तो हेडसेट नाण्याइतकाच हुशार आहे. सतरा-अठरा आले, तर ज्या सेटिंगवर आले ते ठेवा, मग माझं मत काहीही असो.

भाच्याची चाचणी अजून व्हायची आहे. सहामाही परीक्षा चालू आहे, आणि तिसरी म्हणून कागदावर लिहायला ताई बसणार आहे.